फरार बाईंचा पट

स्मरणिकेच्या कामाला लागलेल्या मित्रांचा निरोप आला, "तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर काहीतरी लिही. सोपं लिही, सरांनाही कळलं पाहिजे." सरांना एआय माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे त्यांच्या रोज पहाटे येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रांवरून मला केव्हाच कळलं आहे. तो विषय मी त्यांच्यासाठी सोडला. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी गणितं सोडवायचे आणि त्यापायी तासभर उभीही राहिले आहे. आज तीस वर्षं उशिरा इतिहासाचाच निबंध लिहिते आहे. सर, तपासून घ्या.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांचं नाव सिंथिया फरार. ग्रुपवर हे नाव टाकलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "कुठून फरार?" विचारलंच आहे तर सांगते, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो नावाच्या गावातून. डिसेंबर १८२७ मध्ये त्या मुंबईत उतरल्या आणि जानेवारी १८६२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वारल्या. मधली दोनेक वर्षं तब्येतीसाठी मायदेशी काढली तेवढी सोडली, तर बाकी सगळा काळ त्या मराठी मुलींना शिकवत होत्या. इतकं टिकून काम केलेल्या बाईचं आडनाव फरार असावं, याला काय म्हणावं!

त्यांची माझी गाठ पडली ती अशी. २०१४ साली कंपनीनं मला बोस्टनजवळ पाठवलं. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणत वाढलेल्या माणसाला बोस्टनमध्ये पहिला हिवाळा काढताना परभणीच बरी वाटते. तिथल्या मराठी मंडळींनी रविवारी मुलांची मराठी शाळा चालवली होती. शिकवायला माणूस हवं होतं, पगार नव्हता. मी हो म्हटलं. वर्ग भरायचा एका चर्चच्या तळघरात, कारण भाडं तिथंच परवडायचं. किल्ली सांभाळायला एक आजी होत्या. त्यांनी एकदा विचारलं, "कोणती भाषा शिकवता?" मी म्हटलं, मराठी. तर म्हणाल्या, "अच्छा, मराठा मिशनवाली भाषा! आमच्याकडून पूर्वी माणसं जायची तिकडे शिकवायला." मी एरवी अशा बोलण्यावर हसून पुढे जाते. पण त्या आठवड्यात बर्फ पडला, घरात बसून होते, म्हणून शोधलं. 'मिशनरी हेराल्ड' नावाच्या त्यांच्या जुन्या मासिकाचे अंक इंटरनेटवर सापडले आणि त्यात मुंबई, नगर, जालना ही नावं दिसायला लागली. मग मी काही आठवडे दुसरं काही वाचलं नाही.

फरार बाई जन्मल्या २० एप्रिल १७९५ रोजी. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. त्याच्या महिनाभर आधी, ११ मार्चला, खर्ड्याची लढाई झाली होती, ज्यात मराठ्यांनी निजामाला हरवलं. म्हणजे आपला मुलूख ज्याच्या हातात होता त्या निजामाचा पराभव आणि या बाईंचा जन्म यांत सहा आठवड्यांचं अंतर. पुढे ज्या नगरात त्यांनी आयुष्य काढलं, त्याच नगर जिल्ह्यात खर्डा आहे.

अमेरिकेत १८१० साली एक मिशनरी संस्था निघाली होती, तिला 'अमेरिकन बोर्ड' म्हणत. तिची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईला आली. कंपनी सरकारला ती नको होती, परत पाठवायची तयारी झाली होती, पण कशीबशी टिकली. यातून 'अमेरिकन मराठी मिशन' उभं राहिलं. मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि १८२४ मध्ये मुंबईत मुलींची पहिली शाळा. मुलींच्या शाळा वाढल्या तशी त्यांच्याकडे पाहायला बाई हवी झाली. मिशनऱ्यांच्या बायका हे काम करत, पण त्यांना घर होतं, बाळंतपणं होती, आणि इथली हवा त्यांच्यातल्या कित्येकींना मानवत नव्हती. म्हणून बोर्डानं अविवाहित बाई पाठवायचं ठरवलं. फरार बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या, शिक्षिका होत्या.

पुस्तकांत त्यांना अमेरिकेतून परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित मिशनरी म्हणतात. मला हे थोडं खटकतं. त्यांच्या चार-पाच वर्षं आधी बेट्सी स्टॉकटन नावाची बाई हवाई बेटांवर गेली होती आणि तिथल्या सामान्य लोकांच्या मुलांसाठी तिनं शाळा काढली होती. ती गुलामगिरीत जन्मलेली काळी बाई होती. ती एका मिशनरी कुटुंबासोबत गेली म्हणून मोजणीत तिला बाजूला ठेवतात. पहिलं कोण हे ठरवताना यादी कोणाच्या हातात आहे ते पाहावं लागतं. यादीबद्दल पुढे मला स्वतःबद्दलही लिहायचं आहे.

जूनमध्ये बोस्टनहून निघालेलं शिडाचं जहाज. कलकत्त्याला वळसा घालून मुंबई गाठली २९ डिसेंबरला. जवळजवळ सात महिने. आपण बावीस तासांच्या विमानप्रवासाची किती कौतुकं सांगतो!

आल्यावर पहिलं काम मराठी शिकणं. आपल्याकडे कोणताही शब्द अडला की 'मोल्सवर्थ' काढायचा, ही सवय मराठीच्या बाईंनी आपल्याला लावली. तो मोल्सवर्थचा कोश छापून आला १८३१ साली. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं १८३६ ला. फरार बाई आल्या तेव्हा दोन्ही नव्हते. विल्यम कॅरीनं बंगालात बसून केलेलं जुनं व्याकरण आणि लहानसा कोश होता, बाकी मदार पंडितावर. शिवाय लिपी दोन. व्यवहारात सगळी मोडी आणि छापायला बाळबोध. 'ळ' कसा जमला असेल कोण जाणे. माझ्या रविवारच्या वर्गातली मुलं परभणी, लातूर, सांगलीच्या आईबापांची, तरी 'फळा'चं 'फल' करायची.

आता त्यांचा दिवस. आपण शाळा म्हटलं की इमारत, घंटा, शिपाई असं डोळ्यांपुढे येतं. तसं काही नव्हतं. मिशनच्या मुलींच्या शाळा म्हणजे गावात ठिकठिकाणी घेतलेल्या खोल्या नाहीतर ओसऱ्या, एकेका जागी पंधरा-वीस मुली. एक बाई सगळीकडे शिकवू शकणार नाही. शिकलेल्या मराठी बायका शिक्षिका म्हणून मिळणं तर शक्यच नव्हतं, त्या आधी घडवायला लागणार होत्या. मग ठेवलेले पंतोजी असत, बहुतेक ब्राह्मण. ते अक्षरं, वाचन, आकडे शिकवत. फरार बाईंचं काम देखरेखीचं. म्हणजे रोज एका शाळेतून दुसरीकडे जायचं, धडा म्हणून घ्यायचा, पाट्या पाहायच्या, हजेरी मोजायची, सुईदोरा शिकवायचा, बायबलमधला भाग आणि प्रश्नोत्तरं घ्यायची, आणि जी मुलगी आली नाही तिच्या घरी जायचं. पंतोजीपुढे मुलगी एक वेळ बसेल, पण घरात शिरून तिच्या आईशी बोलणं पंतोजीला शक्य नव्हतं आणि पाद्र्याला तर नाहीच. ते फक्त बाईलाच करता येत होतं. शिवणकाम हीसुद्धा युक्तीच होती. वाचून काय करणार, हा प्रश्न आया विचारत. टाका घालता आला तर काय करणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

१८२९ साली, म्हणजे येऊन दोन वर्षं पुरी होतात तोच, त्यांच्या देखरेखीखालच्या शाळांत चारशेहून जास्त मुली होत्या. त्यातल्या १२२ मुलींना वाचता-लिहिता येत होतं आणि साधं शिवण जमत होतं. अहवालात हे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. मी आयुष्यभर अहवाल लिहिते आहे, म्हणून मला दुसरा आकडा आवडला. चारशे लिहून थांबता आलं असतं. बोस्टनला पत्र पोचायला कित्येक महिने, विचारायला कोण येणार होतं? पण त्यांनी येतं किती जणींना, तेही कळवलं. पंतोजीचा पगार मुलींच्या हजेरीशी बांधलेला असला की पट फुगतो. हे कळायला १८२९ सालात जायला नको. तपासणीच्या दिवशी शेतावरून पोरं बोलावून बाक भरणारी एक खेड्यातली शाळा मी लहानपणी मामाच्या गावी पाहिली आहे. त्या दिवशी मलाही बसवलं होतं, आणि चिक्की मिळाली होती.

चारशे आणि १२२ यांच्यामधल्या मुली कुठे गेल्या, हा खरा प्रश्न. काही नव्या असतील, अजून शिकायच्या असतील. पण पुष्कळशा निघून जात. आठ-नऊ-दहा वर्षांची झाली की लग्न, आणि लग्न ठरलं की शाळा बंद. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसायला मुलगी लागे. सण आला, साथ आली, कोणी काही बोललं, की ओसरी रिकामी. मुलीला बाराखडी येऊन जोडाक्षरं सुरू होईपर्यंत ती सासरी. पुन्हा नव्या मुली, पुन्हा 'ग म भ न'. चौतीस वर्षं.

आणि मिशनमुळेही ओसऱ्या रिकाम्या होत, हे लिहायला हवं. त्या इथे आल्या त्या लोकांना ख्रिस्ती करायला. तो हेतू त्यांनी लपवला नाही, मीही लपवत नाही. गावात कोणी बाप्तिस्मा घेतला की आईबाप मुलांना शाळेतून काढून नेत. याची सगळ्यात गाजलेली गोष्ट स्कॉटिश मिशनची आहे आणि तिचा धागा आपल्या शेजारच्या जालन्यापर्यंत येतो, म्हणून सांगते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा बारा-एक वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपतीही पाद्र्यांच्या घरी राहायला गेला. वडील कोर्टात गेले, कोर्टानं मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग प्रश्न उभा राहिला की पाद्र्याच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का. बाळशास्त्री जांभेकर घ्या म्हणाले आणि त्यांना केवढा त्रास झाला. थोरला भाऊ नारायण शेषाद्री पुढे मराठवाड्यात आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि त्यानं जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवली. परभणीहून मनमाडच्या गाडीत बसलं की दोन-अडीच तासांवर जालना आहे. दहावीपर्यंत आपण त्या स्टेशनवरून किती वेळा गेलो, पण हे नाव मी पहिल्यांदा वाचलं बोस्टनमध्ये.

धर्माबद्दल माझं मत विचाराल तर सांगते. आईबापांनी मुलगी अक्षर शिकायला पाठवावी आणि तिला देव बदलायला सांगावं, हे मला पटत नाही. मी त्या आईबापांच्या जागी असते तर मीही मुलीला घरी नेलं असतं. पण पुढचा प्रश्न मग मलाच चुकवता येत नाही. घरी नेऊन तिला कोणत्या शाळेत घातलं असतं? दुसरी शाळा कुठे होती?

हा प्रश्न आपल्या एका माणसानं विचारला. ते होते जोतीराव फुले. १८३९ मध्ये अमेरिकेतून परतल्यावर फरार बाई नगरला आल्या होत्या आणि तिथं त्यांच्या मुलींच्या शाळा चालत होत्या. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचे स्नेही सदाशिवराव गोवंडे कामानिमित्त नगरला होते, त्यांच्यासोबत जोतीरावांनी या शाळा पाहिल्या. आपण काय पाहिलं आणि पुण्याला परत येऊन काय केलं, ते त्यांनी स्वतः सांगितलेलं 'ज्ञानोदय'मध्ये १८५३ साली छापून आलं. पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली १८४८ साली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे नगरला फरार बाईंकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत लिहिलेलं असतं. 'ज्ञानोदय' हे मिशनचंच पत्र, १८४२ साली नगरला सुरू झालेलं. त्याच पत्रात १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. एका शाळकरी मुलीनं धर्मालाच जाब विचारला होता, आणि तो वाचताना आजही मान खाली जाते. मिशनच्या ओसरीवरून शाळा पुण्यात गेली, तिथे ती आपल्या माणसांनी आपली केली, आणि पंतोजीच्या जागी बाई उभी राहिली.

फरार बाईंना हे किती कळलं असेल? बातम्या तर येत असणार. पण त्यांचा दिवस तोच होता, धडा, पाटी, सुई, हजेरी. २५ जानेवारी १८६२ ला त्या गेल्या. वय सहासष्ट. बोस्टनच्या बायकांनी स्वतःचं वेगळं महिला मंडळ काढून शिक्षिका पाठवायला सुरुवात केली १८६८ साली, त्यांच्या नंतर सहा वर्षांनी.

एवढं सगळं नगरपर्यंत झालं. तिथून परभणी आज एका दिवसाच्या एसटीची वाट, पण मध्ये निजामाची हद्द होती. आपल्याकडे हायस्कूलचं शिक्षण उर्दूतून, तेही मोजक्या गावांत, आणि मुलींचं तर नावच नको. माझी आजी पोलीस ॲक्शनच्या वेळी लग्न होऊन पूर्णेजवळच्या खेड्यात नांदत होती. तिला गंगाखेडच्या जनाबाईचं कितीतरी पाठ होतं, जात्यावर बसली की थांबायची नाही. सही मात्र येत नव्हती. सातबाऱ्याच्या कामाला गेली की अंगठ्याची शाई पदराला पुसायची आणि तो डाग निघायचा नाही. फरार बाई गेल्यानंतरची ही सत्तर-ऐंशी वर्षं. आजीचा अंगठा आणि माझी इंजिनिअरिंगची पदवी यांच्यामध्ये एकच पिढी आहे. ती पिढी म्हणजे माझी आई, सातवी पास.

आता आपल्या शाळेकडे येते. पाचवीपासून आपल्या वर्गाचा पट ज्या बाई ठेवत होत्या त्या आठवतात ना? नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. सुती पातळ, हातात छत्री, आणि दोन दिवस कोणी आलं नाही की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई तिच्या घरी हजर. आम्हा मुलींना तेव्हा ते संकट वाटायचं. माझ्या घरीही आल्या होत्या. नववीत गेल्यावर वडील म्हणाले होते, आता पुरे, शिलाईचा क्लास लावू. बाई ओट्यावर बसल्या, चहा घेतला, पुरे कशाला हे विचारलंच नाही. फक्त म्हणाल्या, "हिला गणितात किती पडले बघितलं का तुम्ही?" वडिलांनी बघितले नव्हते. त्यांनी पर्समधून कागद काढून दाखवले. मग शिलाईचा विषय निघाला नाही. हे मी बाईंना पुढे कधी बोललेसुद्धा नाही. आता इथे लिहिते आहे.

पण सगळ्या घरांत कागद चालला नाही. माझ्या शेजारी बसायची ती आठवीच्या दिवाळीनंतर आलीच नाही. बाई तिच्या घरी तीनदा गेल्या. तिसऱ्या वेळी मी सोबत होते. तिच्या आईनं दारातच सांगितलं, "बाई, तुम्ही चांगल्या हाव, पण तिच्या सासरच्यांनी साखरपुडा केलाय." परत येताना बाई काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं, तर आई म्हणाली, "तुझ्या बाईला दुसरं काम नाही का?" तिची भूगोलाची वही माझ्याकडे राहिली. परत करायची राहूनच गेली आणि पुढे कुठं गेली ते माहीत नाही.

मग आता ती यादी. संमेलनाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण एक्सेल म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. मी शाळेतून १९९५ च्या दहावीच्या निकालाची यादी मागवली, नावं भरली, फोन नंबर जोडले, रंग दिले. एका दिवसात काम संपलं म्हणून स्वतःवर खूश होते. पंधरा दिवसांनी रात्री फरार बाईंचे तेच दोन आकडे पुन्हा पाहत होते आणि लक्षात आलं की मी काय केलं आहे. मी फक्त १२२ ला बोलावलं होतं. दहावीला बसलेल्यांची यादी म्हणजे आपला वर्ग नव्हे. आठवीत आपल्या वर्गात मुलींच्या दोन रांगा होत्या आणि दहावीत एक, हे मला माहीत होतं. मी त्या रांगेत बसलेली होते. तरी मशीनला सांगितलं ते उरलेल्यांचंच.

शाळेच्या कार्यालयानं आठवीचं हजेरीपत्रक शोधून दिलं, त्यांचे आभार. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण नावं लागली. दहावीच्या यादीत नसलेल्या मुली निघाल्या चौदा. मुलगेही पाच, त्यातला एक आज मोंढ्यात आडत चालवतो आणि संमेलनाच्या जेवणाचा सगळा तांदूळ त्यानंच दिला आहे. आम्ही मात्र त्याला बोलावायला विसरलो होतो!

चौदा जणींना शोधणं सोपं नव्हतं. लग्नानंतर नाव, आडनाव, गाव, तिन्ही बदललेलं. कोणी मानवतला, कोणी सेलूला, एक हिंगोलीकडे. (आपल्या वेळी हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती, १९९९ साली वेगळी झाली.) फोन केला की पहिला प्रश्न एकच, "मी तर दहावी नाही, मला कसं बोलावलं?" एकीनं विचारलं, फी किती आहे. एकीच्या मुलानं फोन घेतला आणि आई शाळेत जात होती हे त्याला माहीतच नव्हतं. तो पलीकडे ओरडला, "आये, तू शाळंत होतीस?" आणि मागून हसण्याचा आवाज आला.

माझ्या शेजारी बसायची तीही सापडली. जिंतूर तालुक्यात असते. नातू आहे. तिला मी वहीबद्दल सांगितलं, तर तिला वही आठवत नव्हती. तिला बाई आठवत होत्या. म्हणाली, "बाई तिसऱ्या बारीला आल्या तेव्हा मी माळवदावर होते. खाली बोलावलं नाही मला. तू होतीस ना संगं? तुझ्या फ्रॉकचा रंग दिसला मला वरून." येणार का, विचारलं. सोयाबीन निघालं तर येते म्हणाली.

स्मरणिका छापायला जाते आहे तोपर्यंत चौदापैकी नऊ जणींचा ठावठिकाणा लागला आहे. एक या जगात नाही. चार नावं अजून लागलेली नाहीत. हजेरीपत्रकाची झेरॉक्स मांडवात नोंदणीच्या टेबलावर ठेवायला सांगितली आहे. कोणाला त्या चौघींपैकी कोणी माहीत असेल तर नावासमोर गाव किंवा नंबर लिहा. पेन दोऱ्यानं बांधलेलं असेल. कृपा करून ते नेऊ नका.